सवय मोडते तेव्हा : महासाथ आणि विद्यार्थ्यांचा प्रवास

सवयीचा एक गुण असा, की ती प्रश्न विचारू देत नाही. वारंवार केल्यानेच माणूस तसा घडतो, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं आपल्या परिचयाचं आहे. त्या अंगाने आज मुंबईच्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या प्रवासाकडे बघू.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. जूनमध्ये सुरू झाली, ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपुरती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत सर्वांना मुभा मिळाली. एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली. १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवेश मिळाला. आता बघा, अठरा वर्षांवरच्यांचं लसीकरण मे महिन्यात सुरू झालेलं, आणि कोविशिल्डच्या दोन मात्रांत किमान १२ आठवड्यांचं अंतर. म्हणजे वडीलधारे गाडीत आणि बरेचसे तरुण स्टेशनाबाहेर! महाविद्यालयं उघडली ती २० ऑक्टोबरला.

पण नुसती गाडी बंद झाली नव्हती, हिशेब बदलला होता. विद्यार्थ्याला सवलतीत पास मिळतो, महिन्याचा किंवा तिमाहीचा. एकदा तो काढला की आणखी एका फेरीला वेगळा पैसा पडत नाही. म्हणून एका लेक्चरसाठीही कल्याणहून पोरं यायची. पास संपला, लेक्चर मोबाइलवर आलं, आणि प्रत्येक फेरी हा स्वतंत्र निर्णय झाला : ‘आज जायलाच हवं का?’

प्रश्न वाईट नाही. तत्त्वज्ञान प्रश्नातूनच सुरू होतं. पण तो विचारतं कोण, हे महत्त्वाचं. दोन खोल्यांच्या घरातली मुलगी रोज कॉलेजला जात होती तोवर तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. ‘ती जातेच,’ एवढं पुरत होतं. सवय हेच तिचं संरक्षण होतं. सवय मोडली आणि प्रत्येक जाण्याला कारण द्यावं लागलं. मग निर्णय तिचा राहतोच असं नाही. तो घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या हाती जातो.

आपण वाचलेले प्रवासाचे तास मोजतो. गाडीतला तो तास घर आणि वर्ग यांच्यामधला तिचा स्वतःचा होता, हे मात्र मोजायचं राहून जातं. तेव्हा कोणता वर्ग ऑनलाइन घ्यायचा हे ठरवताना, शिक्षकमित्रहो, एवढा विचार जरूर करा : आपण कुणाचा प्रवास वाचवतोय, आणि कुणाची वाट बंद करतोय?