वृद्धांचा आहार आणि नभोवाणीवरील श्रुतिका

उतारवयात माणसाचे अन्न तुटते, ही गोष्ट आपण स्वाभाविक मानतो. दात पडतात, भाकरी चावत नाही, चव कळेनाशी होते. मग चहात बटर बुडवून वेळ भागविली जाते. पुढे हातपाय गळतात, तोल जातो आणि घरचे म्हणतात, “वय झाले.” वास्तविक या अशक्तपणाचा बराचसा भाग अपुऱ्या आहारामुळे आलेला असतो. परंतु ज्याने सत्तर पावसाळे पाहिले, त्यास ‘काय खावे’ हे सांगावयास गेल्यास ते रुचत नाही. अशा ठिकाणी श्रुतिका उपयोगी पडते.

हा मार्ग नाशिक जिल्ह्यास नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने नाशिकसह पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे २० कार्यक्रम झाले. शेतीबरोबर आरोग्याचे विषयही त्यांत होते. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत अधिक भर पडल्याचे पाहणीत आढळले. इंग्लंडमध्ये १९५१ पासून चालू असलेली ‘द आर्चर्स’ ही मालिकाही प्रारंभी शेतकऱ्यांस नवी माहिती देण्याच्या हेतूनेच निघाली होती.

श्रुतिकेत उपदेशक नसतो, घर असते. पुढील प्रवेश पाहा :

सून : आत्याबाई, आज नागलीची पेज केली आहे. थोडे ताक घालू का?
सासू : नको गं. मला म्हातारीला काय करायचे? चहा दे म्हणजे झाले.
सून : परवा ओट्यावरून उतरताना तुमचा झोक गेला, तो चहाने सावरणार आहे का?

हे ऐकताना आजीबाई स्वतःशीच हसतात आणि बोध आपोआप होतो.

श्रुतिकेत सांगावयाच्या गोष्टी आपल्याच भागातील असाव्यात. वणीच्या परिसरात नागली परिचयाची आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असते. तांदळात त्याचा अल्पांशच मिळतो. दात नसल्यास आंबील, मऊ खिचडी, घोटलेले वरण, शिजवून कुस्करलेली पालेभाजी द्यावी. स्नायू टिकावेत म्हणून डाळ, दूध, ताक किंवा अंडे रोज पोटात जावे. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते. लिंबू किंवा पेरू घेतल्यास अधिक लागते. म्हातारपणी तहान मंदावते, म्हणून तहान नसतानाही अधूनमधून पाणी प्यावे. मीठ दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. मधुमेह अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी पुढीलप्रमाणे योजना करावी :

१. देवळाच्या ओट्यावर १५ ते २० वृद्धांस सायंकाळी जमवावे. स्वयंपाक करणाऱ्या सुनांसही बोलवावे.
२. श्रुतिका १५ मिनिटांहून मोठी नसावी. रेडिओवर योग्य कार्यक्रम नसेल, तर गावातील मंडळींकडून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावी.
३. एका श्रुतिकेत एकच गोष्ट सांगावी.
४. ऐकून झाल्यावर प्रथम वृद्धांस बोलू द्यावे; कार्यकर्त्याने शेवटी बोलावे.
५. पुढील बैठकीत कोणी काय करून पाहिले, हे विचारावे.

ऐकणे, बोलणे आणि करणे या तीन पायऱ्यांपैकी तिसरी घरच्या चुलीपाशी आहे. तेथवर गोष्ट पोचली, तरच श्रम सार्थकी लागले असे समजावे.