मेमरी कार्डाचे उपकरण : तारा चार की सहा?

जॅकार्डच्या मागावर छिद्रांचे पुठ्ठे असतात, हे आपल्या शहरातील हिमरूच्या कारागिरांना सांगायला नको. आता हीच नक्षी बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डात मावते. मायक्रोकंट्रोलरची चिप कार्ड वाचते आणि मागाचे हूक उचलते. असे उपकरण बनवून घेताना पहिला प्रश्न येतो : कार्डातून माहिती कोणत्या पद्धतीने काढायची?

पद्धती मुख्यतः दोन. पहिली एसपीआय. हिला माहितीच्या चार तारा पुरतात आणि ती स्वस्त, लहान चिपवरही चालते. दुसरी एसडी पद्धत. चार बिटांच्या मांडणीत हिला सहा तारा लागतात व चिपमध्ये तिच्यासाठी वेगळी सोय असावी लागते. २५ मेगाहर्ट्झला पहिलीचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ३ मेगाबाइट, दुसरीचा साडेबारा. प्रत्यक्षात दोन्ही यापेक्षा कमीच भरतात.

मग महाग चिप घ्यावी काय? आधी हिशेब मांडा. ३८४ हुकांच्या जॅकार्डला बाण्याच्या एका धाग्यासाठी ३८४ बिट, म्हणजे ४८ बाइट लागतात. सेकंदाला दोन धागे धरले तरी ९६ बाइट! १२८ किलोबिटच्या एमपी३ आवाजालाही सेकंदाला १६ हजार बाइट पुरतात. अशा कामांना एसपीआय भरपूर झाली. व्हिडिओ किंवा कॅमेऱ्याचे काम असेल तरच दुसरीकडे वळावे.

बंधूंनो, नुकसान बहुधा वेगाने होत नाही, दुर्लक्षाने होते. कार्ड ३.३ व्होल्टचे असते; ५ व्होल्टच्या चिपला ते थेट जोडल्यास जळू शकते. सुरुवातीला वेग ४०० किलोहर्ट्झच्या आत ठेवावा, नंतर वाढवावा. एसपीआयमध्ये चूक तपासण्याची सोय सुरुवातीला बंद असते. वजनाच्या किंवा पैशाच्या नोंदी असतील तर ती चालू करून घ्यावी. लिहिताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते, म्हणून वीज टिकवण्याची तजवीज हवी. दोन टेराबाइटवरील एसडीयूसी कार्डे एसपीआयवर चालत नाहीत, हेही ध्यानात असावे.

आमचा सल्ला एवढाच : कारागिराला ऑर्डर देण्यापूर्वी सेकंदाला किती बाइट लागतील, हे कागदावर लिहून न्या. आकडा हाती असला की गरज नसलेली महाग चिप कोणी आपल्या गळ्यात मारू शकणार नाही.