झांकली मूठ आणि परीक्षेचा निकाल

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या घरांतून मोठ्या आदरानें सांगितली जाते. मुलाचें वा मुलीचें अपयश चारचौघांत बोलूं नये, हा त्यामागील हेतु मायेचाच असतो. परंतु आपल्याकडील वैद्यकीय पदवीधर अमेरिकेंत ‘रेसिडेन्सी’साठीं, म्हणजे रुग्णालयांतील पदव्युत्तर शिक्षणासाठीं, अर्ज करतो तेव्हां ही म्हण कितपत उपयोगी पडते, याचा आज विचार करूं.

तेथें ‘यू. एस. एम. एल. ई.’ ही परवान्याची परीक्षा टप्प्याटप्प्यानें द्यावी लागते. प्रत्येक टप्प्यास जास्तींत जास्त चार वेळां बसतां येतें. तिचा निकालपट उमेदवार स्वतःच्या हातानें जोडीत नाहीं. त्याच्या संमतीनें तो परस्पर रुग्णालयांकडे जातो. त्यांत उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असे सर्व प्रयत्न नमूद असतात. आवडता निकाल ठेवून नावडता गाळण्याची सोय नाहीं. तात्पर्य, आपण झांकूं पाहतों ती मूठ आधींच उघडलेली असते.

मग प्रामाणिकपणाचा प्रश्न उरतो कोठें? तो उरतो निवेदनांत आणि मुलाखतींत. निवड करणाऱ्या डॉक्टरांना अपयश दिसतच असतें; त्यांना हवें असतें त्याचें कारण. शिक्षणाच्या अखेरीस आपला विद्यार्थी विशेषज्ञतेची परीक्षा उत्तीर्ण होईल कीं नाहीं, ही त्यांची रास्त चिंता असते. त्याहूनही मोठी चिंता रुग्णाची. मध्यरात्रीं औषधाचें प्रमाण चुकलें, तर हा तरुण वरिष्ठांना तात्काळ सांगेल, कीं लपवील? अपयशाविषयीं तो कसा बोलतो, यावरून ते त्याचा अंदाज बांधतात.

म्हणून उत्तर थोडक्यांत आणि सरळ असावें. “पहिल्या खेपेस मी अनुत्तीर्ण झालों. नोकरी सांभाळून अभ्यास पुरा होईल, हा माझा अंदाज चुकला. पुढें सहा महिने केवळ अभ्यास केला व उत्तीर्ण झालों.” इतकें पुरे. त्यांत रडगाणें नको आणि परीक्षकांवर ठपकाही नको. घरांतील आजारपण खरोखर कारण असेल तर तें अवश्य सांगावें. नसेल तर तें रचूं नये. जानेवारी २०२२ पासून पहिल्या टप्प्याचे गुण कळविले जात नाहींत, केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेंच कळतें. दुसऱ्या टप्प्याच्या ज्ञानपरीक्षेस मात्र अद्याप गुण आहेत. तेथील चांगला निकाल हीच सुधारणेची उत्तम साक्ष होय.

खरें बोलल्यानें जागा मिळेलच, असें मात्र कोणीं समजूं नये. कांहीं केंद्रें एकदां अनुत्तीर्ण झालेल्यांचे अर्ज प्रथमच बाजूस ठेवतात. तेव्हां त्यांच्या अटी आधीं वाचून मगच अर्ज करावा. परंतु खोट्याची किंमत याहून भारी आहे. खोटीं कागदपत्रें वा खोटी माहिती उघडकीस आली, तर गैरवर्तनाचा शेरा निकालपटावर कायमचा बसूं शकतो. अनुत्तीर्ण हा शब्द एका परीक्षेपुरता असतो. गैरवर्तन हा शब्द सबंध माणसास चिकटतो.

शेवटीं एक विनंती आईबापांस. पुढें अनोळखी परीक्षकांसमोर जें सरळपणें सांगावयाचें, तें मुलांना प्रथम आपल्या घरांत निर्भयपणें सांगतां आलें पाहिजे. घरींच मूठ झांकावयास शिकविलें, तर ती बाहेर उघडावी कशी?