टिलर धापा का टाकतो?

लावणीच्या दिवसांत वाडीचा सामाईक, पेट्रोलवरचा छोटा टिलर अडखळू लागला की चिखलणी रखडते आणि रोपे वाफ्यातच जून होतात. दोष मात्र बहुधा किरकोळ असतो. चोक अर्धा ओढताच इंजिन सुरळीत चालले, तर पेट्रोल कमी पोहोचते आहे असे समजावे. उन्हाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेट साफ करून ताजे पेट्रोल भरावे. प्लग काजळीने काळा झाला असेल, तर आधी एअर फिल्टर साफ करावा, मग प्लग पुसून फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. हंगाम संपताच टाकी रिकामी करावी. आपल्या देणगीतून प्लग व फिल्टर वेळेवर मिळाले, तर लावणी चुकत नाही. या बांधवांना प्रार्थनेत आठवावे.