मलिक अंबर सापडतो, कुणबीण सापडत नाही

आमच्या जऊळक्याहून रेल्वेने अकोला, तिथून एसटीने बाळापूर. १६१६ साली या बाळापूरहूनच मुघल सरदार शाहनवाजखान मलिक अंबरावर चालून गेला आणि जालन्याकडच्या रोषणगावला त्याने अंबराचा पराभव केला. तरी दख्खन मुघलांच्या हाती लागली नाहीच. अंबरावर कादंबरी लिहायला बसणाऱ्याला लढायांची वाण नाही. तो अडतो ते एका प्रश्नावर: हा माणूस स्वतःला कोण समजत होता?

जन्म १५४८च्या सुमारास, इथिओपियात. नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तान, बगदाद करत अहमदनगरला पोचला. ‘अंबर’ हे नाव मालकाने ठेवलेलं. इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, तोही एकेकाळचा हबशी गुलाम! पुढे अंबरच निजामशाहीचा कर्ता झाला. त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर.

अमेरिकेत फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली, हॅरिएट जेकब्सने १८६१ साली आपली गुलामीची कहाणी स्वतः लिहिली. तिकडच्या कादंबरीकारांना या लेखनाचा आधार मिळाला. अंबराचं असं काही आपल्या हाती नाही. तो दिसतो तो बखरकारांच्या, परदेशी व्यापाऱ्यांच्या आणि शत्रूच्या नजरेतून. जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसनचं एक चित्र आहे. भाल्याच्या टोकावर अंबराचं मुंडकं, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा त्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात असं काहीच घडलं नाही. अंबर १६२६ साली म्हातारपणाने मेला. बादशहाने आपली हौस कागदावर भागवून घेतली, इतकंच.

तरी अंबर नशीबवान; त्याचं मूळ नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीच्या नोंदी आहेत: वय, किंमत, नाव. कोठीत, पागेत त्या राबत. शिंदळकीचा आरोप ठेवून सरकारनेच गुलाम केलेल्या बायकाही त्यांत होत्या. नोंदीत नाव असतं खरं, पण ते आईबापांनी ठेवलेलं की मालकाने, हे कोण सांगणार? कादंबरीकाराचं काम खरं तर इथेच सुरू होतं.

मराठी ऐतिहासिक कादंबरीने वाड्यांचे दिवाणखाने पुष्कळ रंगवले. कोठीत दळणाऱ्या बाईला नायिका करायला मात्र ती कचरत आली आहे. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. नव्या लेखकांनी मोडी शिकावी आणि तिथे जाऊन बसावं.