कायदा घडायला वेळ लागतो

१३ मे १९५२ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडून आलेल्या संसदेचे कामकाज सुरू झाले. दोन दिवसांनी गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे अध्यक्ष झाले. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचे, वकिली अहमदाबादची आणि १९३७ पासून मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदाचा अनुभव गाठीशी. त्या दिवसापासून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपेपर्यंतचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ज्या विधेयकाला संसदेने वेळ दिला, ते अधिक शहाणे होऊन बाहेर पडले. ज्याला वेळ नाकारला, त्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली.

विधेयकाची वाट कागदावर सोपी दिसते. ते सभागृहात मांडले जाते, हे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात तत्त्वावर चर्चा होते आणि मग एकेका कलमावर मतदान. तिसऱ्या वाचनात अंतिम मंजुरी मिळते. दुसऱ्या सभागृहात हेच सारे पुन्हा होते आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. या वाटेवरचा कळीचा टप्पा म्हणजे समिती. प्रवर समिती एका सभागृहाची असते, तर संयुक्त समिती दोन्हींची. तिथे साक्षी होतात, कलमे तपासली जातात, मसुदा दुरुस्त होतो. मावळंकरांनी समित्यांची ही घडी बसवली. सरकारने सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समितीही त्यांच्याच काळातली. वटहुकूम ही सवय होऊ नये, असे त्यांनी १९५० मध्ये सरकारला आणि पुन्हा १९५४ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्राने बजावले होते.

त्या पिढीची खरी कसोटी लागली हिंदू कोड बिलाच्या वेळी. विधेयक रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या एका विधेयकाचे चार कायदे झाले. विवाहाचा कायदा १९५५ मध्ये आला. वारसा, पालकत्व आणि दत्तक यांचे कायदे १९५६ मध्ये. विवाह विधेयक संयुक्त समितीतून गेले. बाबासाहेबांना झालेला मनस्ताप या यशाने भरून निघत नाही. मात्र ज्या सुधारणांना एवढा कडवा विरोध झाला, त्या अखेर सभागृहातल्या वादातून तावूनसुलाखून निघाल्या आणि रुजल्या. १९६१ मध्ये हुंडाबंदी विधेयकावर दोन्ही सभागृहांचे एकमत होईना, तेव्हा घटनेतल्या तरतुदीनुसार पहिल्यांदाच संयुक्त बैठक बोलवावी लागली.

शुक्रवारची दुपार मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांसाठी राखीव असते. संसदेच्या कामकाजाची बातमी वृत्तपत्रांना निर्धास्तपणे छापता यावी, यासाठी फिरोज गांधींनी आणलेले विधेयक १९५६ मध्ये कायदा झाले. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी १९६७ मध्ये घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण साऱ्या देशाला विचार करायला लावून गेले. अशी अवघी १४ विधेयके आजवर कायदा झाली. त्यांतले शेवटचे १९७० मधले.

आणीबाणीत विरोधक तुरुंगात असताना ४२वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा स्थानबद्ध असलेल्या मधू लिमये यांनी वाढीव मुदत नाकारून खासदारकीचा राजीनामा दिला. ४२व्या दुरुस्तीतला बराच भाग १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने मागे घ्यावा लागला.

१९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. घोडेबाजाराला आळा घालणे आवश्यकच होते. पण पक्षादेश साध्यासुध्या विधेयकांवरही लागू झाला आणि खासदाराचे मत पक्षाच्या हाती गेले. समितीत पक्षादेश चालत नाही. त्यामुळे १९९३ मध्ये खातेवार १७ स्थायी समित्या नेमल्या गेल्या, हा मला या प्रवासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य.

या समित्या काय करू शकतात, हे माहितीच्या अधिकाराने दाखवले. डिसेंबर २००४ मध्ये मांडलेले विधेयक फक्त केंद्र सरकारला लागू होते. स्थायी समितीने नागरिक आणि कार्यकर्त्यांचे म्हणणे ऐकले आणि राज्यांनाही त्यात घेण्याची शिफारस केली. मे २००५ मध्ये विधेयक मंजूर झाले. तहसील कचेरीत अर्ज देणाऱ्या सामान्य माणसाला आज केंद्राच्या कायद्याचा आधार मिळतो, यात त्या समितीचा मोठा वाटा आहे.

त्यानंतर मात्र उतार लागला. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसे. सतरावी बसली ५५ दिवस. पंधराव्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समितीकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. २०२० च्या जूनमध्ये तीन शेती कायदे वटहुकमाने आले आणि सप्टेंबरमध्ये समितीकडे न जाताच मंजूर झाले. त्यांपैकी दोन राज्यसभेत गदारोळातच आवाजी मतदानाने संमत झाले. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे रद्द करणारे विधेयक मंजूर झाले, तेही चर्चेविना. कायदे चांगले होते की वाईट, यावर मतभेद राहतील. पण जे ऐकून घ्यायचे ते समितीच्या खोलीत ऐकले असते, तर माणसांना रस्त्यावर हिवाळा काढावा लागला नसता, असे मला मनापासून वाटते.

आज विधेयक समितीकडे पाठवणे बंधनकारक नाही. ते बंधनकारक व्हावे, आणि अपवाद करायचा असेल तर सरकारने त्याचे कारण लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवावे. बहुमत आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे. हा नियम दोघांनाही सारखाच बांधील आणि आपल्याला, म्हणजे ज्यांना ते कायदे पाळायचे आहेत त्यांना, आपले म्हणणे मांडायची हक्काची जागा देईल.