यकृतातील एक प्रथिन आणि हृदयविकार

कोलेस्टेरॉल हा शब्द हृदयविकाराशी इतका निगडित झाला आहे की, पेशींची आवरणे व काही संप्रेरके घडविण्यासाठी शरीराला त्याची गरज असते, याचा विसर पडतो. हा स्निग्ध पदार्थ रक्तात विरघळत नाही. प्रथिनयुक्त सूक्ष्म कणांतून तो वाहून नेला जातो. त्यांपैकी कमी घनतेचे कण रक्तात फार वाढले, म्हणजे ते रोहिण्यांच्या भित्तींत साचतात आणि हृदयाचा रक्तपुरवठा खुंटू लागतो.

हे कण रक्तातून काढून घेण्याचे काम मुख्यत्वे यकृत करते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. ग्राही कणाला पकडून पेशीच्या आत नेतो, तेथे सोडतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. नदीवर फेऱ्या घालणाऱ्या होडीप्रमाणे त्याचे हे काम चालू असते. या ग्राहींचे कार्य उलगडणारे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या फेऱ्या थांबविणारे प्रथिनही यकृतच स्रवते. त्याचे नाव पीसीएसके-९. ते ज्या ग्राहीला चिकटते, तो आत गेल्यावर परत येत नाही. पेशीत त्याचेच विघटन होते. ग्राहींची संख्या घटली की रक्तातील कण वाढतात.

या प्रथिनाचे महत्त्व २००३ मध्ये लक्षात आले. काही फ्रेंच कुटुंबांत त्याच्या जनुकातील बदलामुळे कोलेस्टेरॉल पिढ्यान्‌पिढ्या अतिशय वाढलेले आढळले. याच्या उलट, काही अमेरिकी कृष्णवर्णीयांत हे जनुक निकामी असल्याचे दिसून आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंधरा वर्षांच्या निरीक्षणानुसार त्यांच्यातील कमी घनतेचे कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी, तर हृद्‌रोहिणीच्या विकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता.

निसर्गाच्या या प्रयोगावरूनच औषधाची दिशा सापडली. पीसीएसके-९ला बांधून ठेवणारी प्रतिद्रव्ये तयार झाली व २०१५ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. सत्तावीस हजारांहून अधिक रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत हे कोलेस्टेरॉल सुमारे ५९ टक्क्यांनी उतरले. पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात इत्यादी आपत्ती सुमारे १५ टक्क्यांनीच घटल्या. हा विरोधाभास केवळ वरवरचा आहे. निकामी जनुकाचे संरक्षण जन्मापासून मिळते. चाचणीतील उपचार जेमतेम दोन-सव्वादोन वर्षांचा, तोही आधीच रोगग्रस्त झालेल्या रोहिण्यांवर होता. रोहिण्यांची हानी दशकानुदशके साचत जाते. म्हणूनच कोलेस्टेरॉल किती कमी केले याइतकेच, ते किती वर्षे कमी राहिले यालाही महत्त्व आहे.